बाबांची आडवाट

४ मार्च

ती. बाबांस धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. चार पानांपैकी साडेतीन पानं गुडघ्याचीच होती, त्यामुळे गुडघा खुशाल आहे एवढं कळलं, तुमचं काही कळलं नाही. वहिनी सांगेल तेवढ्या फेऱ्या हॉलमध्ये मारत जा. ऑपरेशन तुमचं झालंय, तिचं नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. वनखात्याच्या बाई येऊन गेल्या. दोन दिवस तळ्याच्या वाटेवर टेप लावून मोजत होत्या. त्या म्हणाल्या की खिंडीखालची माती सुटून झऱ्यात उतरतेय, आणि एक जूनच्या आत उतार सावरला नाही तर तळ्याची वाट पाच वर्षं बंद. म्हणजे आम्ही बावीस वाटाडे घरी बसणार, आणि ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात तीही माणसं. मग मीही शहरात येऊन तुमच्या मागोमाग हॉलमध्ये फेऱ्या मारीन.

एका वेळी दहाच माणसं, कचरा ज्याचा त्याने खाली आणायचा, वर गाणी वाजवायची नाहीत, हे सगळं आम्ही तीन वर्षं पाळतोय. बाईंनी त्याबद्दल शाबासकीही दिली. पण उतार खचतोय तो तुमच्या आडवाटेमुळे. ती बुजवायला सगळे तयार आहेत, फक्त हात कुणी लावत नाही. आपल्या धंद्यातला नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात, की ज्याने वाट पाडली त्यानेच ती मोडायची. आमच्यातले सगळ्यात जुने वाटाडे, दाढीवाले काका म्हणाले, आधी बाबांना विचार. म्हणून विचारते आहे.

रागवा, पण माया आहे तेवढीच ठेवा.

तुमची
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, आज जरा रागातलेच.

तुझं पत्र वाचलं आणि चहा निवून गेला. त्या वाटेचा जन्म तुला पाठ आहे. वादळात एका आजारी प्रवाशाला पाठीवर घेऊन मी सरळ उतारावरून खाली आलो. लांबच्या वाटेने आलो असतो तर तो वाचला नसता. पुढे तीच वाट झाली आणि तळ्याला जाणाऱ्यांचा एक तास वाचू लागला. चाळीस वर्षांत तिथे कुणाचा पाय मुरगळला नाही. टेप लावून डोंगर कळत असता तर गावोगावचे शिंपी वाटाडे झाले असते, हे त्या बाईंना सांग.

मी आयुष्यात काही बांधलं नाही, लिहिलं नाही. ती एक वाट पाडली. ती मोडायला माझीच लेक पत्र लिहिते! आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? माझी परवानगी नाही.

काळ्या दगडापाशी वाट किती रुंद झाली म्हणतात त्या बाई? उगाच विचारतोय.

सूनबाई आणि थोरला मजेत आहेत. तब्येतीला जप.

तुझा
बाबा

१९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही उगाच विचारलंत, मीही उगाच सांगते. काळ्या दगडापाशी चौदा पावलं. मीच मोजली, टेप न लावता. तुम्ही पाडलीत तेव्हा ती एका माणसापुरती होती.

शिंप्यांचा टोमणा बाईंना जसाच्या तसा पोचवला. त्या खूप हसल्या. त्यांचे वडील शिंपीच होते.

बसच्या ड्रायव्हरकाकांबरोबर झऱ्याच्या पाण्याची बाटली पाठवते आहे. खिडकीत ठेवा आणि दिवसभर हलवू नका. पाण्याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही. गावात लोक म्हणतात, पोरगी बापाचं नाव पुसायला निघाली, आणि ते मला झोंबतं. बाबा, त्या वाटेवर मी पहिल्यांदा चढले ती तुमच्या खांद्यावर बसून. मला ती तुमच्याइतकीच प्यारी आहे. पण तुमची परवानगी नसेल तर कुदळ उचलणार नाही, वाट बंद झाली तरी चालेल.

उत्तर कसंही असो, पण पाठवा.

तुमची
धाकटी

२८ मार्च

चि. धाकटीस उदंड आशीर्वाद.

बाटली मिळाली. सकाळी ठेवली, संध्याकाळी तळाला दोन बोटं गाळ. सूनबाईंना वाटलं मी झोपलोय, पण मी बाटलीकडे बघत बसलो होतो. हेच पाणी मी चाळीस वर्षं लोकांना ओंजळीने पाजलं.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. गेली पाच-सहा वर्षं काळ्या दगडापाशी चिखल लागला की मी कडेच्या गवतावर पाय टाकायचो. बूट खराब होतात म्हणून. वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं हे मीच पाहुण्यांना सांगायचो, मग मागचे सगळे गवतावर. दुसऱ्या दिवशी तिथेही चिखल, मग मी आणखी कडेला. तुझी चौदा पावलं म्हणजे माझीच पावलं आहेत गं. त्या बाईंवर उगाच तोंडसुख घेतलं, माझ्या वतीने माफी माग.

परवानगीचं पत्र पाठवणार नाही. नियम हाताचा आहे, कागदाचा नाही. डॉक्टरांनी मे महिन्यात चालायला हरकत नाही म्हटलंय. डोंगर चढायला हरकत आहे का, ते मी विचारलेलं नाही. तोवर ओंडके जमवून ठेवा. काम वरून सुरू करायचं, कारण पाणी वरून येतं. ओंडके आडवे, मधे काटेकुटे, आणि गवत त्याच उतारावरचं लावायचं, विकतचं नको.

मी येतोय. थोरल्याला अजून बोललेलो नाही, तूही बोलू नकोस.

तुझा
बाबा

२ जून

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

बाबा तुम्हाला न सांगता इकडे निघून आले, तुझा राग रास्त आहे. पण उंटावरून शेळ्या हाकणं बाबांना कधी जमलंय का? गुडघा शाबूत आहे, आधी तेवढं वाच आणि मग पुढचं.

दोन काठ्या घेऊन ते लांबच्या वाटेने खिंडीत चढले. तीन तासांची चाल, सात तास लागले. खेचर आणलं होतं, त्याला त्यांनी हात जोडले. वर आल्यावर आधी सगळा उतार पाहिला. मग खाली बसले आणि पहिला ओंडका स्वतः आडवा लावला. तो लावताना रडले, वहिनी, आणि लपवलं नाही. दाढीवाल्या काकांनी दुसरा उचलला, मग सगळे तुटून पडलो. सतरा दिवस. बाबा दगडावर बसून आम्हाला ओरडत होते, आणि इतकं गोड ओरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

काल बाई आल्या. वळिवाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या. गवताने धरलेली माती त्यांनी बोटाने उकरून पाहिली, मग झऱ्यावर जाऊन ग्लास भरला आणि उन्हात धरला. पाणी आरपार दिसत होतं. बाई ते घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, वाट चालू, आणि यापुढे तिची राखण वाटाड्यांकडेच. जिंकलो गं! आमच्या आरोळ्यांनी खेचर दावं तोडून पळालं. ज्यांनी मला नावं ठेवली तेच बाबांना उचलून घ्यायला धावले, आणि गुडघा, गुडघा म्हणून मी मधे पडले.

आज हंगामातला पहिला गट निघाला. बाबा पायथ्याशी खुर्ची टाकून बसलेत. एका पाहुण्याने त्यांना विचारलं, आजोबा, वर जायला जवळची वाट नाही का? आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. बाबांनी चष्मा पुसला आणि ठणकावून सांगितलं, नाही, या डोंगराला जवळची वाट नाहीच.

दादाला नमस्कार. दोघंही या आणि आम्हाला रागे भरा, पण लोभ आटू देऊ नका.

तुझी
धाकटी नणंद