चित्राखालची ओळ

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १३ जानेवारी २०२६, सकाळचे साडेअकरा. आत्ताच एक काच पुसून ठेवली.

प्रिय प्रणय,

फोनवर हे बोललो असतो तर तू मधेच हसला असतास, म्हणून लिहितोय. तुझ्या आजोबांच्या, काकासाहेबांच्या, सत्काराला लावायचा फोटो फ्रेमसाठी आमच्या दुकानात पोहोचला. पण त्याआधीच्या एका कामानं माझं डोकं फिरवलंय.

चर्चचे एक फादर सहा जुनी चित्रं देऊन गेलेत. चारशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. सगळी संतांच्या दानधर्माची. एकात संत घोड्यावर बसून तलवारीनं स्वतःचा झगा अर्धा कापतोय, खाली उघडा माणूस हात पसरून उभा. खालची परक्या भाषेतली ओळ फादरनी वाचून दाखवली: आधी संताचं नाव, मग ‘गरिबास वस्त्र देताना’. मी विचारलं, त्या गरिबाचं नाव काय? ते म्हणाले, “अरे बाबा, तो कुणीपण असतो.” मागून आमचे मालक फकिरामामा ओरडले, “सुयश, फ्रेम कर, पंचनामा नको!”

मग तुझं पाकीट उघडलं. पाचोडची शाळा, काकासाहेब, आणि निळा स्वेटर घेणारा चौथीतला मी. खाली तुम्ही छापलंय: ‘गरजू विद्यार्थ्यास स्वेटर देताना काकासाहेब’. ‘विद्यार्थ्यास’ अचूक लिहिलंय. पण ‘गरजू’? तो स्वेटर शुद्धलेखनातल्या पहिल्या नंबराचं बक्षीस होता रे! ‘आशीर्वाद’मधली वेलांटी दीर्घ, हे एकट्या मलाच आलं होतं. तू ऱ्हस्व काढलीस, दुसरा आलास, तुला कंपासपेटी मिळाली.

आईला विचारलं. ती म्हणाली, “नंबराचं मला नाय ठावं. लई थंडी व्हती, तुला स्वेटर नव्हता, एवढं ध्यानात हाय.” तेव्हापासून मला काही सुधरत नाही. थंडी वाजायची, हे खरंच. पण पहिल्याला स्वेटर आणि दुसऱ्याला कंपासपेटी, अशी बक्षिसं असतात का? की स्वेटर द्यायचं आधीच ठरलं होतं, आणि मला लाज वाटू नये म्हणून गुरुजींनी नंबर लावला? दहावीनंतर शाळा सुटली, तरी दुकानात येणारा प्रत्येक मजकूर मीच तपासतो, तो त्या एका नंबराच्या जोरावर.

ओळ बदल, असं सांगायला हे पत्र नाही. काकासाहेबांना विचारायची हिंमत होत नाही. ते खरं सांगतील, याचीच भीती. तू मात्र त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होतास. एवढंच कळव, प्रणय: तू खरंच चुकला होतास ना?

तुझाच,
सुयश