रूपाची फुलकारी

४ फेब्रुवारी २०२५, वारंगा फाटा
नांदेडहून पोहोचले तोवर बीजीला स्मशानात न्यायची तयारी झाली होती. पायाशी ढाब्यावरची रूपा बसलेली. बायका येत होत्या आणि तिलाच पोटाशी धरत होत्या! दारातच एक बाई मला म्हणाली, "नातीनं लई केलं हो म्हातारीचं."
"नात मी आहे," म्हटलं.
ती बिचारी गोंधळली. मी चपला काढल्या.

५ फेब्रुवारी
घरात गुरू ग्रंथसाहिबचा पाठ सुरू झाला. दहाव्या दिवशी भोग, म्हणजे समाप्ती, तोवर पप्पा आणि मी आळीपाळीने वाचायचं. माझी गुरुमुखी अडखळते. मराठी शाळेतली ना मी! रूपा रोज डोक्यावर ओढणी घेऊन उंबऱ्याशी येऊन बसते. तिला त्यातलं अक्षर कळत नाही. तरी बसते.
मला तेही खुपतं.

७ फेब्रुवारी
आज पाहुण्यांना बीजीची गोष्ट कोण सांगत होतं? पारुबाई! रूपाची आई, आमच्या ढाब्यावर तंदूर सांभाळते ती. आजी आमची, आणि आम्ही माना डोलवायच्या. म्हणून इथं माझी मी लिहून ठेवते.

फाळणीत बीजी तीन वर्षांची. लायलपूरकडचं घर सुटलं, आईच्या कडेवर बसून बटाल्याजवळच्या खेड्यात आली. पुढे लग्न झालं. दारजी, माझे आजोबा, ट्रकवाले. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला नव्या नवरीला ट्रकमध्येच बसवून निघाले, आणि या फाट्यावर अ‍ॅक्सल तुटला! पार्ट लवकर मिळेना. बीजीने तीन दगडांची चूल मांडली. भाजीचा वास गेला तसे बाकीचे ड्रायव्हर थांबायला लागले. शेवटी पार्ट आला, ट्रक चालू झाला, पण बीजी चुलीपासून उठायलाच तयार नाही. "दोन घरं सुटली. आता इथून हलणार नाही," म्हणाली. दारजींनी ट्रक विकला आणि ढाबा टाकला.

मराठी ती तांड्यावर शिकली, रूपाच्या आजीकडून. म्हणजे मराठी शिकले असं तिला वाटलं! कळमनुरीच्या बाजारात मोठ्या ऐटीत भाव करायला गेली, तर दुकानदार बघतच राहिला. बीजी अस्सल गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलत होती. ही गोष्ट सांगताना तिला स्वतःलाच हसू आवरायचं नाही.

नजरेला मात्र फार भ्यायची. ढाब्याच्या दारात जुना जोडा टांगलेला. मी शाळेला निघाले की कानामागे काजळ. मी ते वाटेतच पुसून टाकायची. आणि माझी जळकी पोळी "वा, गुरलीन पुत्तर, वा!" म्हणत खायची. खोटारडी!
हे पारुबाईला कुठं माहीत?

८ फेब्रुवारी
रूपाने कढी केली. सगळे म्हणाले, अगदी बीजीसारखी. मी वाटी तशीच ठेवून उठले. मग दुपारभर भूक लागली.

१० फेब्रुवारी
आज पप्पांनी बीजीची पेटी उघडली. स्वेटर, दारजींची एक पगडी, आणि तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेली फुलकारीची ओढणी. लाल खादीवर सोनेरी रेशमाची फुलं, इतकी दाट की लाल रंग शोधावा लागतो.

"ही रूपाची," पप्पा म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुसेगावला लग्न आहे ना तिचं. बीजी कधीपासून काढत होती."

फुलकारी आजी नातीसाठी काढते! नात जन्मली की कापड घेते आणि तिच्या लग्नात देते. माझी मला दोन वर्षांपूर्वी मिळाली. तेव्हा वाटलं होतं, जगात अशी एकच.

मी खिडकीशी नेऊन रूपाची फुलकारी उलटसुलट पाहिली. एक टाका चुकलेला नाही. आणि माझी? सगळी फुलं सोनेरी आणि कोपऱ्यात एकच निळं! लग्नात सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "काम सुरेख, पण इथं म्हातारीचा हात चुकला बघा." तेव्हा मी हसले होते. वाटलं होतं, वय झालंय तिचं. पण त्यानंतर, आणखी म्हातारी झाल्यावर, रूपासाठी बरा हात चुकला नाही! माझी काढताना तिचं लक्ष नव्हतं. हिची मन लावून काढली. दुसरं काय?

पप्पांना म्हटलं, "ती नोकराची पोरगी आहे."
पप्पा पेटी बंद करून बाहेर गेले.

१३ फेब्रुवारी
भोग झाला. लंगरला अख्खा फाटा जेवून गेला, ड्रायव्हरसुद्धा. पप्पांनी फुलकारी रूपाच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांना लावली. मी भांडी मोजायच्या निमित्ताने आत गेले.
संध्याकाळी ती मागच्या दाराने आली. "ताई, जरा बोलायचं व्हतं."
"उद्या ये," म्हटलं. आज तिचा गोड आवाज नको होता.

१४ फेब्रुवारी
सकाळीच आली. फुलकारी, सुई आणि निळ्या रेशमाची लड माझ्यापुढे ठेवली.
"तुमच्या फुलकारीत हाय ना ताई, निळं फूल? नजर लागू न्हाई म्हून बीजी ते मुद्दाम घालायच्या, समदं झाल्यावर. माझं तेवढं राहून गेलं. त्यांचा हात कापायला लागला व्हता. मी म्हनलं, मी घालते. तर म्हणाल्या, आपलं आपण घालायचं नसतं, घरच्या माणसानं घालायचं. बहिणीनं. गुरलीनला सांग." मग खाली बघून म्हणाली, "तवापासून सांगीन सांगीन करून राहिले. तुमी बोलतच न्हाई माझ्याशी."

कापड उलट्या बाजूने धरायचं असतं, हेही तिनेच दाखवलं. तासभर खपले. फूल वाकडं आलं, एक पाकळी तर भलतीकडेच गेली.
"लई बेस झालं, ताई!" म्हणाली.
खोटारडी. अगदी बीजीसारखी.