खाडीचं सुकाण, धरणाचं पाणी

बाबा, तुझ्यावर ओरडायचं एक राहून गेलंय, म्हणून लिहायला बसले. तू असतास तर दारातूनच ओरडले असते, कागद कशाला खराब केला असता. माझी शाळा दुसरीपर्यंतची, आणि तीही तूच सोडवलीस, मासळी निवडायला हात कमी पडतात म्हणून. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर गप वाचायचं. माझी थोरली दिवाळीला माहेरी आली होती, काल सासरी परत गेली. पाला मासा साफ करता करता ती एक गोष्ट बोलून गेली, आणि तेव्हापासून मी एकटीच हसतेय. शेजारीण विचारते, काय झालं गो? तिला काय सांगू? तुलाच सांगते. पण पहिल्यापासून सांगणार. मधेच उठून किनाऱ्यावर जायची तुझी सवय मला माहीत आहे.

मी दहा-अकराची होते. तुझी होडी वाळूवर ओढून ठेवलेली, आणि मी आत चढून सुकाण धरलं. नुसतं धरलं, बाबा, वल्हवलं नाही की काही नाही. तू मागून येऊन अशी धपाट घातलीस की मी वाळूत. म्हणालास, बाईचा हात सुकाणाला लागला की मासळी तोंड फिरवते. आपल्या झाई गावात सगळेच तसं मानायचे. बाईनं मासळी निवडावी, सुकवावी, डोक्यावर पाटी घेऊन विकावी, पण होडीत पाय ठेवू नये. मी विचारलं, मासळीला खाली पाण्यात कसं कळतं वर कुणाचा हात आहे ते? त्यावर दुसरी धपाट. ती पहिलीपेक्षा जोरात होती.

आणि त्याच बापानं माझ्या पोरीला सुकाणावर बसवलं! थोरली तेव्हा आठवीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की खाडीकाठच्या शाळांच्या होड्यांच्या शर्यती सुरू व्हायच्या, त्या दिवाळीपर्यंत चालायच्या. आज या खाडीत, पंधरा दिवसांनी त्या खाडीत. सगळ्यात शेवटची शर्यत जिंकेल त्या शाळेला वर्षभर ढाल. आपल्या शाळेचे पीटीचे मास्तर मसोलीला भाड्यानं राहायचे, माणूस घाटावरचा, पोहायला येत नव्हतं, पण ढालीचं वेड भारी. ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आपल्या ओट्यावर आले तो दिवस मला दिसतो. मी चुलीपाशी भाकऱ्या थापतेय आणि कान बाहेर.

"तांडेल, एवढी मोठी होडी चालवता तुम्ही, पोरांना जरा शिकवा. अंगात जोर आहे, पण होडी गोल गोल फिरते."

तू म्हणालास, "मास्तर, वल्ह्यावर तुम्ही बैल बांधलेत. सुकाणावर कोण आहे?"

"तोच तर प्रश्न आहे."

"माझी नात बसेल. वजनाला हलकी आहे आणि डोळा घारीचा आहे."

मी पिठाच्या हातानं बाहेर आले. म्हटलं, "का रे बाबा, मासळी आता तोंड नाही का फिरवत?" तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "शाळेची होडी आहे. तिला कुठं मासळी धरायचीय?" मास्तर हसले. मी भाकरी करपवली, मुद्दाम, आणि तीच तुझ्या ताटात वाढली. तू ती मुकाट्यानं खाल्लीस. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. करपलेली भाकरी बघून तू एरवी गप बसणारा माणूस नव्हतास.

मग तू तिला शाळेच्या होडीतच नाही, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या होडीतही न्यायला लागलास. शिकायला म्हणून. किनाऱ्यावर उभी राहून मी ऐकायचे. जाळ्याची जागा डोंगर-ताडाच्या खुणेवरून धरायची, म्हणून होडी किनाऱ्यापासून सुटतानाच तू तिला विचारायचास, "महालक्ष्मीचा डोंगर दिसला का? टोक ताडाच्या कुठल्या अंगाला आहे?" ती सांगायची, डाव्या अंगाला. तू म्हणायचास, बरोबर. माझी अशी परीक्षा तू कधी घेतली नाहीस. मला विचारायचास ते एवढंच, मीठ संपलं का?

शर्यतीचं जे शिकवलंस ते मात्र खरं होतं. आपल्या खाडीचं पाणी कधी थांबत नाही, भरती तरी नाहीतर ओहोटी तरी, होडीला बाजूला ढकलत राहतं. म्हणून तू थोरलीला सांगितलंस, निशाण समोर असलं तरी होडीचं नाक समोर धरायचं नाही. पाणी जिकडून येतं तिकडं हातभर वर धरायचं. पाणीच तुला निशाणावर आणून सोडेल. तिनं ते असं घटवलं की घरात पाण्याचा हंडा घेऊन चालतानासुद्धा तिरकी चालायची. डहाणूच्या खाडीत तिनं होडी काढली ती रेघ ओढल्यासारखी. दुसऱ्या शाळांची पोरं वल्ही मारून मारून कडेला लागली आणि आपली निशाणाला. पुढच्या दोन खाड्यांतही तसंच. मास्तर पाण्यात उतरून नाचले, कमरेएवढ्या पाण्यात, आणि घाबरून परत आले.

पण त्या साली मासळी कमी आली. मग काय, देवळापुढं बैठक. शेजारच्या आळीतला तांडेल सगळ्यांसमोर म्हणाला, "तू पोरीला सुकाणावर बसवलंस आणि आमची जाळी रिकामी. एसटीत बसव नाहीतर विमानात, पण तुझ्या होडीतून उतरव. आणि शाळेच्यापण." माणसं माना हलवत होती. माझा नवरासुद्धा, तुझा घरजावई, तो कुणीही काही म्हटलं तरी मान हलवतो. तू उठलास. "ढाल येऊ दे," म्हणालास. "नाही आली तर मी माझ्या हातानं तिला उतरवीन. मग परत कधी बसवणार नाही." थोरली देवळाच्या कट्ट्यामागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं. घरी येऊन ती जेवली नाही.

शेवटची शर्यत त्या वर्षी पहिल्यांदाच खाडीत नव्हती, तलासरीच्या पलीकडं धरणावर होती. टेम्पोत होडी चढवली, वर पोरं, पुढं तू आणि मास्तर, मागं आम्ही आयाबाया. वेवजीवरून जाताना पोरं गाणी म्हणत होती. धरण बघितलं आणि मला आधी बरंच वाटलं. पाणी कसं, परातीत ओतून ठेवल्यासारखं. म्हटलं, इथं काय बुडणार कोण.

शिट्टी झाली. आपली होडी सगळ्यांच्या पुढं. आणि मग ती तिरकी निघाली. थोरलीनं नाक हातभर वर धरलं होतं, सवयीनं, आणि पाणी आपल्याला निशाणावर आणील म्हणून वाट बघत होती. पाणी कुठलं आणणार? ते हलतच नव्हतं. सहा पोरं जीव तोडून वल्ही मारतायत आणि होडी तशीच तिरकी, सरळ कडेच्या पाणगवतात घुसली. वल्ह्यांना गवत गुंडाळलं. तिकडच्या पाड्यांवरची पोरं काठावर उभी होती, ती ओरडली, "खाडीवाले मासे धरायला गेले रे!" आयुष्यात कधी समुद्र न बघितलेल्या शाळेनं ढाल नेली.

मी थोरलीला ओढून काठावर घेतलं. ती रडत नव्हती, नुसती सुकाणाच्या दांड्याला धरून उभी. मास्तर हातातली शिट्टी चघळत होते. तू आलास, हळूहळू, पाय चाचपडत. दगड होते तिथं, मला वाटलं म्हातारपण. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "चूक माझी. मी तुला खाडी शिकवली. पाणी शिकवलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळे तुझ्या तोंडाकडं बघत होते, आता हा पोरीला उतरवणार म्हणून. तू म्हणालास, "हरलो मी. उतरायचं तर मी उतरतो. पोरगी शाळेच्या होडीत बसेल." आणि होडी जावयाच्या हवाली करून टाकलीस. परत पाण्यावर गेला नाहीस. एवढा मोठा तांडेल बोलल्यावर कोण काय बोलणार? शेजारच्या आळीतल्यानंसुद्धा विडी विझवली. पुढच्या साली मासळी चांगली आली, पोरगी सुकाणावर असतानाच. त्याबद्दल मात्र कुणी बैठक घेतली नाही.

त्या साली शेवटची शर्यत आपल्याच खाडीत. तू वाळूवर बसलेला, मी शेजारी. होड्या मधोमध आल्या आणि तू मला विचारलंस, "कुठवर आली गो?" समोर दिसतेय होडी, आणि हा विचारतोय. मी म्हटलं, "डोळे फुटले का तुझे? सगळ्यांच्या पुढं आहे!" तू हसायला लागलास. इतका हसलास की खोकला आला. ढाल आली. पुढच्या पावसाळ्यात तू गेलास.

तेव्हापासून मी एकच धरून बसले होते. माझ्या बापाला त्या धरणानं खाल्लं. पोरीच्या एका चुकीसाठी त्यानं समुद्र सोडला आणि समुद्र सोडला म्हणून तो गेला. थोरलीला मी हे कधी तोंडावर बोलले नाही, पण शर्यतीचा विषय निघाला की मी उठून जायचे, अगदी तुझ्यासारखी. या दिवाळीत निघालाच. पाला साफ करत होतो. मी म्हटलं, तुझा आजा शेवटी शेवटी पाला खाईना, दात दुखतात म्हणायचा, होडी सोडली तिथंच त्याचं मन मेलं.

थोरली म्हणाली, "आये, त्याचे दात चांगले होते. त्याला काटे दिसत नव्हते."

मी कोयता खाली ठेवला. मग तिनं सांगितलं. धरणावरून परतताना टेम्पोत तू तिला तुझ्याजवळ पुढं बसवलंस आणि कानात सांगितलंस. डोंगर तुला दोन वर्षं दिसत नव्हता. ताडही नाही. ती परीक्षा नव्हती, बाबा, तू खरंच विचारत होतास! तिच्या डोळ्यांनी होडी न्यायचास. होडीत तुझ्या भरवशावर माणसं होती आणि तुला भीती वाटायची, पण मला दिसत नाही हे तांडेलानं चारचौघांत कसं म्हणायचं? उतरायला तुला एक कारण हवं होतं. पोरीनं ते आणून दिलं. तू तिला म्हणालास, "बरं झालं हरलीस. मी सुटलो. पण तुझ्या आईला सांगायचं नाही, ती डहाणूच्या बाजारात ओरडून सांगेल." आणि माझी पोरगी, माझ्याच पोटची, इतकी वर्षं गप्प.

लबाड म्हातारा आहेस तू. मला आधी राग आला, मग छाती हलकी झाली, मग हसू आलं. पाटी उतरवल्यावर मान आपोआप वर जाते तसं झालं. तुला कुणी खाल्लं नाही. तू मजेत होतास. वाळूवर बसून मला विचारत होतास, कुठवर आली, आणि मी तुला विचारलं, डोळे फुटले का. हसलास ते त्याला. मी आता हसतेय, पंधरा वर्षं उशिरा.

हा कागद कुठं टाकणार? पाण्यात सोडला तर भरती परत आणून दारात टाकेल. चुलीत घालीन. तसंही, मी काय लिहिलंय ते मलाच नीट दिसत नाहीये. थोरलीची धाकटी शाळेसाठी माझ्याकडंच राहते. बाजाराला जाताना मी तिला बरोबर घेते. परतताना स्टँडवर उभी राहून विचारते, सांग बघू, यातली झाईची गाडी कुठली? ती बोर्ड वाचून सांगते. मी म्हणते, बरोबर. आळीत सगळ्यांना सांगते, पोरीला बाजार शिकवतेय.