बिरूमामांच्या चिठ्ठीची मुदत

भोर, ता. २८ नोव्हेंबर १९३८
मुदत संपली की देणं संपतं का? मला सांगता येत नाही. कायद्यात फक्त दावा बुडतो.
बिरूमामा धनगरांचा निरोप आला, पैसे कधी? दोनशे रु. माझ्या कॉलेजसाठी अण्णांनी घेतलेले. उत्तर लिहायला बसले तर अण्णा म्हणाले, "तोंडी सांग. मेंढरं परत आली की बघू. कागदावर काही नको."
अण्णा मास्तर. वाण्याची यादीसुद्धा तारीख घालून लिहिणारे.

ता. ३०
वकिलांच्या कारकुनाला विचारलं, कुणाचं ते न सांगता. वचनचिठ्ठीला तीन वर्षं, आपल्या संस्थानातही. मुदतीच्या आत देणेकऱ्याने 'देणं आहे' एवढं सहीनिशी लिहिलं, की पुन्हा तीन वर्षं.
म्हणून तोंडी.
पेटीत चिठ्ठीची नक्कल पाहिली. १२ डिसेंबर ३५. मेंढरं परतणार पावसाच्या तोंडावर, मुदत संपून सहा महिन्यांनी.

ता. ३ डिसेंबर
कोरा कागद पुढे केला. "एक ओळ, अण्णा."
"बी.ए. झालीस ती बापाला कायदा शिकवायला?"
आई म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे का?"
अण्णा वाईट नाहीत. पुढच्या वर्षी पेन्शन, धाकटीचं लग्न... हे मी कुणाला पटवतेय?

ता. ७
मी शिकवते त्या शाळेतून रजा. कारण घरगुती, खोटं नाही. किकवीला गेले. मामांचा कळप तिथे एका शेतात खतासाठी बसवलाय. सोमवार शेवटचा, त्याच्या आत दावा लावा, सांगितलं.
"मास्तरांनी धाडलं तुला?"
"नाही."
मामा म्हणाले, "दावा न्हाई लावायचा. मंग त्यांच्या वसरीवर पानी कसं प्यायचं?"
मामी म्हणाल्या, "प्या की पानी. दोनशे रुपयाचं हाय."
मामा हसले नाहीत. मीही.

ता. १०
सकाळी अण्णांना सांगून टाकलं. त्या दिवशी किकवीत मामांना माझ्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. दोनशे रु., व्याजासह, माझ्या पगारातून. स्टँपाचं तिकीट लावून सही केली. तुमची चिठ्ठी मामांनी परत दिली नाही, मी मागितलीही नाही.
अण्णा चष्मा पुसत राहिले.
"तारीख घातलीस?"
"घातली."
चष्मा न लावताच शाळेत गेले.