झाडाला लावलेला कान

प्रिय बयो,

या शांततेची खरी किंमत काय पडली ते आधी सांगतो. कारखाना गेला, माझी सकाळची चहाची टोळी गेली आणि तुझ्या आईचे केस गेले. केस औषधांनी नेले होते, तरी मी ते याच खात्यात धरतो. औषधं थांबवायचं ठरलं त्याच दिवशी ती म्हणाली, आता झाड दिसेल अशी खिडकी तेवढी द्या, बाकी काही आणू नका.

तशी खिडकी या नव्या घरात मिळाली. समोर जुनं, रुंद झाड, त्यामागे कुंपणाची भिंत, पलीकडे रोपवाटिका. पण मला शांततेचं काय करायचं ते कळेना. मी पंप बनवणारा माणूस. लाकडी दांडीचं एक टोक यंत्राला, दुसरं कानाला, की बिघाड सापडलाच. आपल्या कारखान्यातला पंप शंभर पंपांच्या गलक्यात डोळे मिटून ओळखीन, हे मी येईल त्या पाहुण्याला ऐकवायचो आणि तू मागे उभी राहून तोंड वाकडं करायचीस.

तुझी आई रोज सकाळी तुझ्या कविता मोठ्याने वाचायची. ‘झाडाच्या आत एक नदी उभी असते’ ही ओळ आली की थांबायची. एकदा मी चेष्टेत म्हटलं, तुझ्या लेकीची नदी तपासून बघतो. दांडी खोडाला टेकवली आणि बयो, आत आवाज होता. खोल, संथ, न तुटणारा. मी दांडी तुझ्या आईच्या हाती दिली. तुझ्या आईने ऐकलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ दांडी सोडलीच नाही. मग म्हणाली, पाणी वर चढतंय हो. जायची वाट अशी असेल तर मला भीती नाही.

तेव्हापासून सकाळी आम्ही दोघं झाड ऐकायचो. हाताला काम नसताना मी आयुष्यात पहिल्यांदा स्वस्थ बसलो. देवळात कधी जमलं नाही ते त्या खोडापाशी जमलं. तिला अंगणात नेणं अशक्य झालं तेव्हा मी लांब दांडी तासली, खिडकीतून थेट खाटेपर्यंत पोचणारी. ती म्हणाली, लग्नात दागिना नाही घडवलात, आता हा घडवलात. दुखणं वाढत होतं, पण भीती गेली होती. माझं सगळं त्या एका गोष्टीवर चाललं होतं.

काल रोपवाटिकेवाला आला. बोलका माणूस. म्हणाला, काका, उद्यापासून तुमची कटकट संपली, विहीर आटली, पंप काढून ठेवतोय. मी विचारलं, कसली कटकट? तो म्हणाला, अहो, आमचा पाइप तुमच्या झाडाच्या मुळांखालून गेलाय, रोज सकाळी घरघरतो ना! सवयीने मी हसलो. तो गेल्यावर पायरीवर बसून राहिलो.

आज सकाळी तुझ्या आईने दांडी कानाला लावली. खूप वेळ ऐकलं. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाली, आज वाट बंद आहे हो. आणि पडदा ओढायला सांगितला. तेव्हापासून तिने भिंतीकडे तोंड केलंय, माझा हात घट्ट धरलाय, आणि तिला पुन्हा भीती वाटतेय. दुसरा पंप बसवायचा विचार मनात येऊन गेला. पण पाण्याविना पंप ओरडतो, आणि माझ्याबरोबर संसार केलेल्या बाईला तो आवाज ओळखू येतो. खरं सांगायची हिंमत माझ्यात नाही. फोनवर बोलावं तर घर एवढंसं, तिला ऐकू जाईल, म्हणून हे पत्र. तू लिहिणं सोडलंस म्हणतेस, तरी एक ओळ लिही. नदी गप्प असते तरी वाट बंद नसते, असं काहीतरी. मी बसून पाहिलं, माझ्याने जे झालं ते पंपाच्या माहितीपत्रकासारखं झालं. तुझी ओळ वेळेत पोचेल असं मला वाटत नाही. तरी लिही. संध्याकाळी भिंतीपलीकडे जाऊन आलो. काढलेला पंप चिखलात आडवा पडला होता. त्याच्यावरची नावाची पट्टी पुसून पाहिली. आपल्याच कारखान्यातला आहे.

तुझाच,
बाबा