फळा असेल ती वर्गखोली

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या खात्याचं पत्र आलं. आमच्या शाळेत वर्गखोल्या गरजेपुरत्या आहेत म्हणे, म्हणून नव्या इमारतीची मागणी नामंजूर. पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. अरे, सात खोल्यांत अकरा वर्ग बसवताना माझा जीव मेटाकुटीला आलाय. एक वर्ग सामानाच्या खोलीत, एक वाचनालयात, एक शिक्षकांच्या खोलीत, आणि तिसरीचा जिन्याखाली. तिथल्या बाईंना ताठ उभं राहता येत नाही. वाकूनच पाढे घेतात बिचाऱ्या. वरून पोरं धावत उतरली की खालच्यांच्या वह्यांवर चुना पडतो.

तू शाळांच्या इमारतींचं नियोजन करणारा साहेब, आणि सख्ख्या बहिणीच्याच तोंडाला पानं पुसलीस? पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. त्याआधी पोरांना धड वर्ग मिळालेले बघायचेत, दुसरं काही मागत नाही.

तुझे भाऊजी ठीक, गुडघा सोडून. राग धरू नकोस, पण उत्तर धाड.

तुझी,
ताई


ता. १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, कानही पिळले गेले. फाईल काढून पाहिली. पाहणीला आलेल्या माणसाने अकरा फळे मोजले आणि अकरा खोल्या लिहिल्या. त्याची चूक नाही. ‘भिंतीवर फळा असेल ती वर्गखोली’ असा नियमच आहे आणि तो मी केलाय. काही मुख्याध्यापक चांगल्या खोल्यांत अडगळ भरून जागा नाही म्हणून गळा काढतात, हे तूच तर मला सांगायचीस. त्यांना चाप बसावा म्हणून केला. बसलाही. पण तू आहे त्यात निभावून नेलंस आणि त्यात अडकलीस.

नियम बदलायचा म्हटलं तर बैठकांवर बैठका होतील. त्यापेक्षा त्या चार जागांतले फळे उतरव, ते वर्ग दुपारच्या पाळीत भरव आणि फेरपाहणीचा अर्ज कर. मात्र खोटं काही नको. जागा खरोखर रिकाम्या हव्यात, कारण पाहणीला माणूस न सांगता येतो.

इथे मागणाऱ्या शाळा ढीगभर आणि बांधायच्या चारच. दिवसभर नाही म्हणून म्हणून घरी पोरांनी काही मागितलं तरी तोंडातून आधी नाहीच निघतं. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. २७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

इमारत मंजूर झाल्याचं पत्र हातात पडलं. शिपायापासून सगळ्यांना चहा पाजला. तिसरीच्या बाई म्हणाल्या, आता माझं कंबरडं वाचलं. खूप बरं वाटलं रे, खोटं कशाला बोलू.

पण दुपारच्या पाळीतली पोरं गळायला लागलीत. इथल्या बायका दुपारनंतर कामाला बाहेर पडतात, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरलीच घरी राहते. मी घरोघर फिरले. एका आईने मला नीट बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “बाई, सकाळी हवी तेवढी न्या. दुपारी तिच्याशिवाय माझं घर चालत नाही.” उठून आले. पाय दुखतात ते वेगळंच.

इमारत कधी उभी राहील ते खरं सांग. साहेबासारखं नको, भावासारखं सांग. जिवाला जप.

तुझी,
ताई


ता. ५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावासारखं सांगतो. तीन वर्षांच्या आत होणं कठीण. आणि आणखी एक, जे लिहायला हात धजत नाही. पाया खणण्याआधी पट पुन्हा मोजतात. मुलं कमी भरली तर खोल्या कमी होतात, फारच कमी भरली तर मंजुरीच जाते.

कसंही करून मुलं टिकव. एवढं हाती आलेलं घालवू नकोस. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
धाकटा


ता. १८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फळे परत लावले. चारही. मीच स्टुलावर चढले होते. तुझे भाऊजी ओरडतील, त्यांना सांगू नकोस. सगळे वर्ग पुन्हा सकाळी भरतात. गेलेल्यांतल्या बहुतेक पोरी आल्या, दोघी आल्या नाहीत. त्या कामाला लागल्या.

इमारतीसाठी पोरं घालवायची आणि पोरं नाहीत म्हणून इमारत घालवायची, हे गणित मला या वयात शिकायचं नाही. फळे लागले म्हणजे तुझ्या नियमाने पुन्हा अकरा खोल्या झाल्या, म्हणून मागणी मागे घेतल्याचा अर्ज सोबत जोडलाय. तू माझ्यासाठी धडपडलास, ते मी विसरणार नाही. पण मी थकले रे. चूक केली असेन तर पदरात घे.

तुझी,
ताई


ता. ३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्ज मिळाला. तो माझ्याच टेबलावर येणार होता, आला. मागणी मागे घेतलेल्या शाळेपुढे लिहायला आमच्याकडे एकच शेरा आहे. तुझ्या शाळेपुढे मी ‘गरज नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग फाईल घेऊन तसाच उठून मोठ्या साहेबांकडे गेलो. फळ्याचा नियम बदला म्हणालो. जिन्याखाली वाकून शिकवणाऱ्या बाईंचं सांगितलं, त्या दोन पोरींचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “या शाळेला गरज नाही. तुमचंच अक्षर आहे ना हे?”

हो म्हणालो.

लोभ असू दे, असं कोणत्या तोंडाने लिहू? तरी असू दे.

तुझा,
धाकटा