बसचा पडदा

॥ श्री ॥
शहाड
ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनीस,
गंगुबाईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवलंय, तेव्हा फोन करून घसा कोरडा करू नकोस. पत्रच लिही. देवेश म्हणतो, आई, आता कोण पत्रं लिहितं. मी म्हटलं, ज्यांना ऐकू येत नाही ते लिहितात.

काम असं की समृद्धी आणि जावई नाताळच्या सुट्टीत इजिप्तला चाललेत. तू आणि आपला उत्तम गेलेलात त्याच गावांना. मी नको म्हटलं होतं. ज्या मुलखातून माझा भाऊ पेटीत परत आला, तिथे माझी लेक कशाला? पण ठाण्याला राहायला गेल्यापासून तिला आईचं पटत नाही. तिला कोणी सांगितलंय की तिथले भिकारी आणि फेरीवाले माणसाचा पिच्छा सोडत नाहीत. मामीला विचारून दे म्हणाली. तिला कळेल असं लिहून पाठव.

दुसरं. जानेवारीत उत्तमचं वर्षश्राद्ध येतंय. देवेशच करेल. त्या दिवशी चार बायकांसमोर मी तुला साडी नेसवणार आहे. परमुलखात ना तुळस ना गंगाजल, तरी त्याच्या तोंडात शेवटचं पाणी तू घातलंस. ज्याच्या हातचं पाणी घेऊन माणूस जातो तो त्याचा खरा, असं आमची आई सांगायची. त्याला मूल नव्हतं, पण तुझा हात होता. सगळ्या आळीला मी हे सांगत असते.

वेळेवर जेव. माया आहे तशीच आहे, तू पत्राला उशीर करू नकोस.

तुझी
आक्का


॥ श्री ॥
कोपर, डोंबिवली (प.)
ता. २६ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कांस,
योगिनीचा साष्टांग नमस्कार वि. वि. पत्र मिळालं. गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून बांधा, डॉक्टरला हसू द्या. माझं ठीक चाललंय. सकाळी वाचनालयात जाते. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काही शिकले ते तिथल्या कपाटांसमोर उभं राहून. पहिल्यांदा ह्यांनीच नेलं होतं. हल्ली तिथल्या बाई मला एका वेळी दोन पुस्तकं देतात. का, ते त्या बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

समृद्धीसाठी लिहिते. देवळाच्या दारापासून बस उभी असते तिथपर्यंतचा रस्ता मुद्दाम दुकानांमधून काढलेला असतो. दुसरी वाट नाही. आपण कुठले ते त्यांना लांबूनच कळतं, मग हिंदी सिनेमातल्या नटांची नावं घेऊन हाका मारतात. हातात वस्तू ठेवतील आणि भेट आहे म्हणतील. भेट नसते, आणि एकदा हातात घेतली की परत घेत नाहीत. म्हणून हात मागे बांधून चालायचं. उंटावर बसवतात फुकट, उतरवायचे पैसे घेतात. फोटो काढून देतो म्हणणाऱ्याला मोबाइल देऊ नये. ‘ला, शुक्रन’ म्हणजे नको, आभार. तेही एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की त्यांना वाटतं आता घासाघीस सुरू झाली.

आमच्या टूरचे मॅनेजर हितेश म्हणून होते. त्यांचा नियम असा होता की बघायचं नाही, बोलायचं नाही, थांबायचं नाही. कोणी कपडा धरला तर हिसडा द्यायचा आणि सरळ बसमध्ये येऊन बसायचं.

तुमच्या भावाने यातलं एकही पाळलं नाही. एका देवळाबाहेरच्या स्कार्फवाल्याशी ते आपल्या आगरी बोलीत भाव करायला लागले, तो त्याच्या भाषेत. दहा मिनिटं दोघं भांडले, मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसले. घेतलं काहीच नाही. मी शरमेने लांब उभी. त्याच देवळाच्या दाराशी काळ्या कपड्यातली एक म्हातारी भीक मागायला बसायची. आम्ही तिथे दोन दिवस गेलो, दोन्ही दिवस ह्यांनी तिला बिस्किटं दिली आणि शेजारी बसून तिच्याबरोबर खाल्ली. मी रागावले तर मलाच सुनावलं, आमची आय बांधावर आलेल्याला आधी भाकरी द्यायची, मग गाव विचारायची.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. साडीचं मात्र राहू द्या, आक्का. आहेत त्या साड्या मला पुरे आहेत.

आपला लोभ आहे म्हणून दिवस जातात, तो तसाच राहावा.

आपली
योगिनी


॥ श्री ॥
शहाड
ता. ९ डिसेंबर २०२५

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र समृद्धीने इथे येऊन वाचलं. उंटाचं वाचून जावई इतके हसले की चहा सांडला. मी मात्र उत्तमपाशीच अडकले. म्हातारीजवळ बसून बिस्किटं खाणारा तोच. लहानपणी दारात आलेल्या वासुदेवाला माझ्या ताटातलं उचलून द्यायचा, स्वतःच्या नाही. लबाड होता.

साडी मी घेतली. कल्याणला देवेशला घेऊन गेले. जांभळी आहे, काठ बारीक आहेत, तुला शोभेल. तेव्हा तो विषय संपला.

आता एक विचारते. समृद्धी म्हणते, मामा जिथे पडला तिथे दोन फुलं ठेवीन. तिला जागा नीट लिहून दे. दारापासून किती लांब, सावली होती का. आणि माझ्यासाठीही लिही. त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं का? काही बोलला का? अकरा महिने विचारलं नाही, तू रडशील म्हणून. तो जन्मला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, सुईणीला गरम पाणी मीच नेऊन दिलं. शेवटाला तू होतीस. मधलं सगळं मला माहीत आहे, तेवढं एक माहीत नाही.

ती एकवीस तारखेला निघते. त्याच्या आत लिही. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी
आक्का


कोपर
ता. १३ डिसेंबर २०२५

ती. आक्कांस,
साष्टांग नमस्कार. हे पत्र आधी एकट्याच वाचा. मग समृद्धीला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पाणी मी घातलं नाही.

त्या सकाळी आम्ही देवळातून बाहेर आलो आणि हे पुन्हा त्या म्हातारीकडे वळले. ऊन तापलं होतं, बस सुटायची होती, बरोबरची माणसं आमच्याकडे बघत होती. मी म्हटलं, तुम्हाला एवढीच हौस असेल तर बसा इथेच भीक मागत, मी चालले. हेच माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. ते हसले आणि हाताने पुढे हो म्हणाले.

मी दुकानांमधून निम्म्या वाटेवर आले असेन, तेव्हा मागून कोणी पदर धरला. तीच म्हातारी होती. तोंडाने काहीतरी सारखं बोलत होती आणि मागे हात दाखवत होती. मला वाटलं, ह्यांनी दिलेलं पुरलं नाही, आता माझ्याकडे मागते. मी हिसडा दिला. खांद्यावरची पिन तुटली आणि पदर फाटला, त्याचा मला राग आला. ती पुढे येऊन आडवी उभी राहिली. मी तिला बाजूला ढकललं आणि बसमध्ये जाऊन खिडकीशी बसले. ती बसपर्यंत आली. बाहेरून काचेवर तळहात आपटत राहिली. बसमधल्या बायका म्हणाल्या, बघू नका हो, जाते आपोआप. मी पडदा ओढला.

थोड्या वेळाने आवाज थांबला. हितेशनी माणसं मोजली तेव्हा एक कमी भरलं.

मी पोहोचले तेव्हा ते दारापासून वीसेक पावलांवर, एका दुकानाच्या कापडाच्या सावलीत होते. डोकं त्या म्हातारीच्या मांडीवर होतं. तिच्या हातात पत्र्याचा डबा होता आणि ह्यांची हनुवटी, शर्टाची कॉलर ओली होती. ओठ पुसायला तिने स्वतःच्या डोक्यावरचं कापड घेतलं होतं. ते गेलेले होते. तिने माझ्याकडे बघितलं. मला जागा करून दिली आणि उठली.

तिथल्या डॉक्टरने सांगितलं, लवकर कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. त्यातला ‘फार’ मी रोज उगाळते. काहीतरी बोलले असते. त्यांचं मला काहीतरी सांगायचं राहिलं असेल.

पेटी घरी आली त्या दिवशी तुम्ही माझं तोंड दोन्ही हातांत धरून विचारलंत, पाणी घातलंस ना गो त्याच्या तोंडात? मी मान हलवली. तुम्ही मला पोटाशी धरलंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी धरलं होतं, आक्का, मला ते सोडवेना. पुढे तुम्ही ते सगळ्यांना सांगत गेलात आणि मी ऐकत गेले. साडी नेसवून घेण्याएवढी मात्र माझी छाती नाही.

हितेशचा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या नियमाने सगळ्यांची पाकिटं शाबूत राहिली.

लोभाचं आज काही लिहीत नाही. तुम्ही ठेवाल तेवढा.

योगिनी


शहाड
ता. ५ जानेवारी २०२६

योगिनीस,
आशीर्वाद लिहिताना हात अडला, तरी लिहिते. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. राग आला, अजून आहे. तू वळून बघितलं नाहीस याचा नाही. भर उन्हात, परक्या बाजारात मीही बघितलं नसतं, उलट चार शिव्या घातल्या असत्या. राग याचा आहे की मी वर्षभर लोकांसमोर तुझे गोडवे गात होते आणि तू समोर बसून गाऊ दिलेस. माझ्या भावाचा शेवट मी चुकीचा सांगत हिंडले. आता मी कोणाला खरं सांगायला जाणार नाही. पण पहिलंही पुन्हा सांगणार नाही. कोणी विषय काढला तर बहिरी आहेच मी.

समृद्धीला पत्र दाखवलं नाही. तू लिहिलेली जागा तेवढी सांगितली. फुलं ठेवून ती शनिवारी आली. मोबाइलात फोटो आहेत. एकात देवळाच्या दाराशी काळ्या कपड्यातल्या सहा-सात बाया बसल्यात. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. एकीचा हात पुढे आहे, बाकीच्या दुसरीकडे बघतायत. त्यातली कोणती, का कोणतीच नाही, हे मला कळणार नाही. तुला कळेल. भटजींना विचारलं की पाणी घालणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर काय करायचं. ते म्हणाले, असं कोणी विचारत नाही. मी म्हटलं, मी विचारते आहे. तर ते पंचांग चाळत बसले.

साडी मी तुला नेसवणार नाही. कपाटात ठेवली आहे.

श्राद्ध बुधवारी, चौदा तारखेला आहे. पंगत बाराला बसेल. बायका तुला घेरतील आणि तेच विचारतील. तू खोटं बोललीस तर मला बघवणार नाही, आणि खरं बोललीस तर तुला तिथे बसू देणार नाहीत. म्हणून तू तीननंतर ये. तोवर सगळे गेलेले असतील. देवेशला मी सांगून ठेवलंय, मामीला उशीर होईल.

तुझं ताट झाकून ठेवीन. मी पण जेवणार नाही तोवर.

गंगुबाई